मामांच्या नाकावरची मुंगी

चेहरा पुन्हा गेला.

अंबुजाच्या डोळ्यांदेखत गेला. डबा चांगला खडखडवून हलवला होता, अंतर वीतभर, वारा पडलेला, हात स्थिर. करड्या प्रायमरचा फवारा मृदंगवाल्याच्या अंगावरून सर्रकन फिरला. धोतर छान झाकलं, मृदंगाच्या चामड्याच्या वाद्यासुद्धा एकेक दिसत राहिल्या, आणि चेहऱ्यावर पोचल्यावर मात्र रंगाने अंग चोरलं. तेलकट तव्यावर पाणी टिकत नाही, तसा तो डोळ्यांपाशी फाटला, मागे सरला आणि गालांवर गोळा होऊन बसला. दोन बोटं उंचीचा मृदंगवाला, त्याचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं, आणि तेवढ्याशा तोंडावर आता देवीचे व्रण उठल्यासारखे खड्डे.

"तिसरा गेला," नित्या म्हणाली. नित्या पलीकडच्या गल्लीतली, अंबुजाच्याच वर्गातली. गच्चीवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं धरून बसायचं काम तिच्याकडे होतं, म्हणजे फवारा भलतीकडे उडू नये. "आधी झांजवाला, मग तंबोरावाला, आता हा. तुझ्या डब्याला भजन आवडत नाही, डी."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. फुसफुस तुझा डबा करतोय."

दोघी तमिळमध्येच बोलत होत्या; 'डी' म्हणजे आपलं 'गं'. मराठी अंबुजाच्या घरात, उंबऱ्याच्या आत; येऊन-जाऊन नित्यालाही ती कळायची. पण आत्ता अंबुजाच्या मनात जे काही उसळलं ते कुठल्याच भाषेत सांगण्यासारखं नव्हतं. तिने मृदंगवाल्याला पायांखाली चिकटवलेल्या बाटलीच्या झाकणासकट उचललं आणि आधीच्या दोघांशेजारी उभं केलं. तीन गवई, तिघांचीही धोतरं झकास आणि तिघांचीही तोंडं फुटलेली.

चौथे मामा होते. ते अजून खाली खिडकीत वाळत होते.

आणि मामा बिघडले तर दुसरे मामा होणार नव्हते.

त्याचं असं होतं. अंबुजाची आत्या मीनाक्षीबाई दर वर्षी कोलुसाठी एक देखावा करायची. नवरात्रात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या, तो कोलु, आणि कुंभकोणममध्ये घरोघर तो असतोच. पण आत्तेच्या बाहुल्या बाजारच्या नसत. इपॉक्सीची पुट्टी मळून, सुया आणि दाभण घेऊन ती बोटाएवढी माणसं घडवायची. गेल्या वर्षापासून तिचे हात थरथरायला लागले. औषधाने कॉफीचा पेला धरता येऊ लागला, पण सुई नाही. तरी या उन्हाळ्यात तिने चौघं केले. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाच्या देवळात गाणारी भजनाची मंडळी, आणि त्यांच्या पुढे चिपळ्या घेतलेले जानकीराम मामा. म्हणजे तिचे यजमान; आत्तेच्या यजमानांना या घरात मामाच म्हणत. शाळेत गणित शिकवायचे, देवळात गायचे आणि तीन वर्षांपूर्वी गेले ते.

मामांचे फोटो घरात पुष्कळ होते. सगळ्यांत ते मास्तरासारखे ताठ. गाताना वरच्या सुरावर त्यांची डावी भुवई उडायची, तोंड एका बाजूला किंचित वाकडं व्हायचं, ते कुठल्याच फोटोत नव्हतं. ते फक्त आत्तेच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिने ते पुट्टीत उतरवलं. अख्खा वैशाख त्या एका चेहऱ्यात गेला. सकाळी हात जरा शांत असे तेवढाच वेळ, मनगट टेबलाला टेकवून, श्वास रोखून. भुवई केसाएवढी बारीक. ती झाली त्या दिवशी आत्तेने सुया-दाभण फडक्यात गुंडाळले आणि अंबुजाच्या वडिलांना, अप्पांना, माळ्यावर ठेवायला सांगितलं. "पुरे झालें," म्हणाली.

आणि अशा त्या मामांना रंगवायचं काम अंबुजाने आपणहून मागून घेतलं होतं! मागून काय, गाजावाजा करून. देवळात भजन संपल्यावर, सगळी मंडळी प्रसादाला बसलेली असताना. "या वर्षी ब्रशने पांढरा थर नाही द्यायचा. त्याने नाक-डोळे बुजतात. मी स्प्रे प्रायमर मारणार. बघाच तुम्ही!"

मागच्या वर्षीपर्यंत हीच अंबुजा चार माणसांत नाव विचारलं तर आईच्या पदराकडे बघायची. यंदा काय झालं कोण जाणे. शाळेच्या प्रदर्शनात माइक हातात आला, लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तिच्या अंगात वारं शिरलं होतं. आपल्याला जमतं, असं तिला एकाएकी कळलं होतं.

तशी ती नुसती बोलघेवडी नव्हती हं. महिनाभर प्लास्टिकच्या खेळण्यातल्या शिपायांवर तिने हात बसवला होता. पहिल्यांदा भर दुपारी लांबून मारला तर शिपाई खरखरीत. उन्हात रंग वाटेतच वाळला आणि रव्यासारखा अंगावर पडला. मग अगदी जवळून मारला, तर ओघळ लागले आणि शिपायाची बंदूक मेणबत्तीसारखी वितळली. मग पहाटे मारला, तर पांढुरकी बुरशी चढल्यागत झालं. कावेरीकाठच्या हवेतला दमटपणा रंगात शिरला. व्हिडिओतली गोरी मुलं सांगायची, कोरड्या थंड दिवशी मारा. कुंभकोणममध्ये कोरडा थंड दिवस! शेवटी तिनेच शोधून काढलं की सकाळचा दमटपणा गेला आहे आणि दुपारचं ऊन चढलेलं नाही, असा मधे एक तास मिळतो. त्या तासात मारला आणि शिपाई असे गुळगुळीत झाले की नित्यासुद्धा "परवा नाही, डी", म्हणजे बरं जमलंय, असं म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच.

मग आज हे काय?

"नीट विचार करू," अंबुजा म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचली. "धड सगळीकडे चांगलं बसलंय. फक्त तोंडावर नाही. का?"

"लाजले असतील."

"नित्या!"

"बरं बरं. तू तोंडाला हात लावलास का? तुझ्या बोटांना तेल असतं. केसांना बघ केवढं चोपडतेस."

"धुतल्यापासून हात लावलाच नाही. झाकणाला धरते. काल संध्याकाळी साबणाच्या पाण्यात सगळ्यांना आंघोळ घातली, खिडकीत जाळीखाली ठेवले, सकाळी या तिघांना झाकणासकट वर आणलं."

"मग डबा खराब."

अंबुजाने एक शिपाई काढला, त्याच खोक्यात उभा केला, त्याच डब्याने फवारला. दोघी वाकून बघत राहिल्या. शिपायाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

"डबा चांगला आहे," नित्या म्हणाली. "मग पुट्टी खराब. शिपाई प्लास्टिकचे, हे पुट्टीचे."

पण मामाही पुट्टीचेच होते! अंबुजा धडधडत खाली गेली, आत्तेच्या जुन्या डब्यात उरलेला पुट्टीचा वाळका तुकडा शोधला, साबणाने धुतला, ओढणीने टिपला, वर आणला आणि त्यावर मारला. मारताना तिने डोळेच मिटले.

"उघड," नित्या म्हणाली. "बसलाय. मस्त बसलाय."

डबा चांगला, पुट्टी चांगली, हवा चांगली, हात चांगला. आणि तोंडं तीन फुटलेली. डबाही आता हलका लागायला लागला होता. हलवला की आतली गोळी रिकाम्या घरात कुणी भांडं पाडावं तशी वाजत होती. दुसरा डबा मागवावा तर यायला आठवडा. आणि उद्या संध्याकाळी अमावास्या. उद्या पायऱ्या रचायच्या, देवळातली मंडळी घरी गायला येणार. उद्या सकाळी रंगवायचं, तर प्रायमर आजच वाळायला हवा. नाचियार्कोविल्‌च्या दिशेने भाताच्या शेतांवर ढगांची एक काळपट पट्टी उठत होती, तिच्याकडे तर अंबुजा बघतच नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं.

"आत्ते!" अंबुजाने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्ही गवई उचलले आणि कोपऱ्यातल्या पालथ्या टोपाखाली घातले. नित्या टोपावर बसली.

मीनाक्षीबाई वर आली. एका हाताने कठडा धरलेला, दुसरा हात पदरात लपवलेला. अलीकडे ती तो लपवतच असे. "काय गे, झालें काय?"

"होतंय आत्ते. म्हणजे... चाललंय."

"ते तिघे कोठें?"

"वाळताहेत. सावलीत." खोटं बोलताना अंबुजाचा आवाज नेहमी एक पट्टी वर चढतो, तसा चढला.

"आणि तुझे मामा केव्हां? त्यांचें सगळें करून ठेविलेंय. आंघोळ झाली, सगळें झालें. बनियन तेवढें घालायचें राहिलें." आत्ते हसली. प्रायमर म्हणजे काय, हे पहिल्यांदा सांगताना अंबुजाच म्हणाली होती, आत्ते, प्रायमर म्हणजे अंगातलं बनियन गं, त्याच्यावर मग सदरा. तेव्हापासून आत्ते त्याला बनियनच म्हणायची. "खालीं एकटे बसलेत बिचारे. आण त्यांना. मला पाहायचें आहे."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त पाहायचा? पाऊस येईल असें वाटतें."

अंबुजा नित्याकडे बघते, नित्या टोपाकडे बघते. नाही म्हणायला एखादं कारण हवं ना! हवा बिघडलीय म्हणावं तर हवा समोर होती. डबा बिघडलाय म्हणावं तर हातात होता. आणि खरं सांगावं, तर आत्तेचे तीन गवई टोपाखाली तोंड फुटून पडलेत, हे सांगावं लागणार. अंबुजा खाली गेली. खिडकीतली जाळी उचलली, मामांना झाकणासकट तळहातावर घेतलं आणि एकेक पायरी चढत वर आली. आयुष्यात इतक्या हळू ती कधीच चढली नव्हती.

वाटेत स्वतःला समजावत होती. तिघांचं काहीतरी चुकलं असेल, मामांचं नाही चुकणार. लांबून, अगदी पातळ, एकच फुंकर. नाही बसला तर थांबायचं. पण तिला माहीत होतं, नाही बसला तर तो काढावा लागणार. शिपाई तिने स्पिरिटमध्ये बुडवून दातांच्या ब्रशने घासून काढले होते. स्पिरिट आणि ब्रश, त्या भुवईवर?

मामा खोक्यात उभे राहिले. एक पाय उचललेला, चिपळ्या डोक्यावर, तोंड वाकडं.

आत्ते पुढे सरकून बसली. पदरातला हात नकळत बाहेर आला होता आणि गुडघ्यावर थरथरत होता.

अंबुजाने डबा हलवला. आतली गोळी खडखडली. फवारा आधी बाजूला पुठ्ठ्यावर काढला. एकदा पिचकला, मग सरळ झाला. बोट दट्ट्यावर ठेवलं.

"अंबू," नित्या पुटपुटली, "नीट बघ हं."

अंबुजा नीट बघत होती. इतकं नीट की तिला मामांच्या उचललेल्या पायावरून चढणारी मुंगी दिसली. पिटुकली, तांबूस. पायावरून धोतरावर, धोतरावरून छातीवर. जा की बाई, तिच्या मनात आलं, मी मारणार आता. मुंगी गळ्यावर आली, हनुवटीवर चढली, नाकावर थांबली आणि मग डाव्या डोळ्यापाशी जाऊन तिने मान खाली घातली. तिथेच राहिली. मागून दुसरी आली, तीही तिथेच गेली.

अंबुजाचं बोट दट्ट्यावरच होतं.

सकाळी झांजवाल्याच्या तोंडावरच्या मुंग्या तिने फुंकरीने उडवल्या होत्या. तंबोरावाल्याच्याही. वाटलं, खिडकीपाशी गूळ सांडला असेल. पण पुट्टीच्या गवयावर मुंग्यांना काय मिळणार? आणि मिळालंच तर तोंडावरच का? पोटावर का नाही?

तिने डबा खाली ठेवला. मुंग्या हळूच फुंकल्या, मामांना उचललं आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांच्या तोंडाला जिभेचं टोक लावलं.

"अय्यो!" नित्या ओरडली.

"गोड आहे," अंबुजा म्हणाली. मग ओठ चाटले. "आणि तूप."

खाली रस्त्यावर तिरुनागेश्वरम्‌ची बस भोंगा वाजवत गेली.

"आत्ते?"

"काय गे?" आत्तेला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "मध आणि तूप. आंघोळीनंतर डोळे उघडायला नकोत? पहाटें उघडिले. चौघांचेही."

आता अंबुजाला सगळं लख्ख दिसलं. स्वामिमलैला मूर्ती ओततात. तिथे आत्तेचं लहानपण गेलं, शेजारीच मूर्तिकाराचं घर. मूर्तीचे डोळे उघडताना सोन्याच्या सुईने मधतूप लावतात, हे आत्तेने अंबुजाला शंभरदा सांगितलं होतं. शंभरदा ऐकून अंबुजाने ते कधी ऐकलंच नव्हतं. धुऊन रात्रभर वाळवलेले गवई, पहाटे त्यांच्या डोळ्यांत कानातल्या कुडीच्या टोकाने टिंबभर मधतूप, आणि वरून अंबुजा प्रायमर मारणार. तुपावर रंग बसेल कसा?

"आत्ते, अगं बनियनच्या आधी डोळे?"

"तूंच म्हणालीस ना बनियन? पहिलें स्नान, मग डोळे, मग वस्त्र. उघड्या अंगावर बनियन घालितात ते डोळे मिटून घालितात काय?"

नित्याच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने दोन्ही हातांनी ते दाबलं. अंबुजालाही हसू आलं असतं, पण मामा अजून तिच्या हातात होते.

"ते धुवावं लागेल," ती म्हणाली.

"काय?"

"मध-तूप. आत्ता. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. त्याशिवाय रंग बसणार नाही."

मीनाक्षीबाईचा चेहरा बदलला. "एकदां उघडिलेले डोळे धुवायचे? नको. हात लावूं नको त्यांना."

"आत्ते, नाही धुतलं तर..."

"तर काय होईल? थोडका रंग कमी बसेल. बसूं दे कमी. तुझे मामा कधी नटले होते?"

अंबुजा टोपाकडे वळली. मग नित्याला म्हणाली, "ऊठ."

"अंबू, नको."

"ऊठ म्हणते ना."

नित्या उठली. अंबुजाने टोप उचलला आणि तिन्ही गवई आत्तेपुढे ठेवले. काही समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच. तिघांची तोंडं समोर होती.

आत्तेने मृदंगवाल्याला उचललं. तिच्या हातात तो असा हलायला लागला की जणू वाजवतोच आहे. तिने त्याला डोळ्यांजवळ नेलं, गालावरच्या गाठी पाहिल्या, बुजलेला डोळा पाहिला. "हें माझ्यामुळें?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे, दोघींमुळे. मी मुंग्या उडवत बसले, विचारलं नाही. आणि आत्तासुद्धा तुझ्यापासून लपवलं."

ढगांची पट्टी आता नुसती पट्टी राहिली नव्हती.

"पण आत्ते," अंबुजा तिच्यासमोर उकिडवी बसली, "स्वामिमलैला डोळे सगळ्यांत शेवटी उघडतात ना? सगळं झाल्यावर? तूच सांगितलंयस."

"होय."

"मग तू आधी का उघडलेस?"

आत्तेने मृदंगवाल्याला खाली ठेवलं. मग स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्याच्याकडे पाहात म्हणाली, "शेवटापर्यंत हा राहील कीं नाही कोण सांगितलें? आज पहाटेंच तीन वेळां टोक गालाला लागलें. उद्यां मंडळी येणार, सगळ्यांपुढें तें नाकांत गेलें म्हणजे? म्हणून म्हटलें, जमतें तोंवर उघडून घ्यावें."

नित्याने तोंडावरचे हात खाली घेतले.

"उद्या तूच उघडशील," अंबुजा म्हणाली. तिच्या अंगातलं ते वारं पुन्हा उठलं होतं, पण या वेळी आवाज वर चढला नाही. "कसं ते माझ्यावर सोड. मी सांगते ना. पण आत्ता मला त्यांना धुऊ दे."

आत्तेने मामांकडे पाहिलं. मग मान वळवली. "धू. मी पाहणार नाही."

काम सुरू झालं तशी कुणाला बोलायला सवड राहिली नाही. वाटीत कोमट पाणी, साबणाचा थेंब, नित्याच्या जलरंगांतला सगळ्यांत मऊ ब्रश. अंबुजा घासत नव्हती, नुसतं हलवत होती. भुवईवरून ब्रश जाताना ती इतकी वाकली की नाक पाण्याला लागलं. स्वच्छ पाणी, पुन्हा स्वच्छ पाणी. मग खालच्या खोलीत पंख्याखाली. तिथे मात्र घाई चालत नव्हती. पुट्टीच्या खाचेत पाणी राहिलं तर पुन्हा तेच. आत्ते पाठ करून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत मामांचंच एक पद म्हणत होती.

तोवर तो मधला तास निघून गेला. ऊन चढलं, ते चढतंय तोच ढग आला. गरमही आणि दमटही, दोन्ही एकदम. व्हिडिओतल्या कुठल्याही गोऱ्या मुलाकडे याचं उत्तर नव्हतं.

"आता रवा होईल की बुरशी?" नित्याने विचारलं.

"काहीच होणार नाही. खोकं जिन्यात घे."

जिन्यात सावली होती आणि वरून दार लावलं की दमट वारा येत नव्हता. खालची खिडकी तेवढी उघडी ठेवली, नाहीतर वासाने तिघी आडव्या झाल्या असत्या. स्वयंपाकघरातला गॅस बंद. डबा कोमट पाण्यात उभा केला, कारण संपत आलेला डबा गार असला की थुंकतो.

आत्तेने आतून विचारलं, "कढत पाणी देऊं काय?"

"नको नको! फुटेल! कोमटच!" अंबुजा ओरडली.

मग मामा खोक्यात. अंबुजाने डबा नेहमीपेक्षा दोन बोटं जवळ धरला, म्हणजे रंग वाटेत वाळायला नको. आणि सलग नाही, फुंकर मारल्यासारखा. आधी पुठ्ठ्यावर. थुंकला. पुन्हा पुठ्ठ्यावर. थुंकला. डब्यात किती उरलंय कळेना. पुन्हा. सरळ आला! तशीच, न थांबता, पुठ्ठ्यावरून मामांवर आणि मामांवरून पलीकडच्या पुठ्ठ्यावर. एक फुंकर पायांवरून, एक धोतरावरून.

आणि एक चेहऱ्यावरून.

कुणीही हललं नाही. करडा ओला चेहरा चकाकत होता. आता फाटेल, अंबुजाला वाटलं, आता मागे सरेल. ओलेपणा कमी होत गेला. कपाळ वाळलं. नाक वाळलं. डोळ्यांभोवतीचं वाळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि वाळलं तेव्हा वरच्या सुरावर उडालेली ती केसाएवढी भुवई जशी होती तशी, जागच्या जागी होती.

"आत्ते," अंबुजाने हाक मारली. "आत्ते, मामांनी बनियन घातलं!"

डब्यात उरलेलं फुसफुसणारं थेंबभर तिने डब्याच्या झाकणात फवारून घेतलं. बाकी तिघांच्या तोंडावरचा रंग मुळात धरलाच नव्हता, दातकोरणीने पापुद्र्यासारखा निघाला. धुऊन, वाळवून त्यांच्या तोंडांना झाकणातलाच रंग बारीक ब्रशने लावला. अगदी मामांसारखे गुळगुळीत नाही झाले. पण गवई माणसं, चालतात जरा खडबडीत. ढग आला तसाच न बरसता तंजावरकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळभर रंगकाम चाललं. अंबुजा रंगवत होती, नित्या ब्रश धूत होती आणि मामांच्या धोतराला निळी किनार की हिरवी यावर आत्ते दोघींशी भांडत होती. हिरवी जिंकली. संध्याकाळी पायऱ्या रचून झाल्या. देवळातली मंडळी सतरंजीवर बसली, पेटी उघडली गेली, आणि आत्ते वाटीत मध आणि तूप घेऊन आली. कानातली कुडी काढली. हात कापत होता. चार माणसं बघताहेत म्हटल्यावर आणखीच कापायला लागला. पेटीवाल्या राधाकृष्णकाकांनी मान खाली घालून उगाचच पेटीचा भाता तपासायला घेतला.

अंबुजाने चौरंग पुढे ओढला. आत्तेचं मनगट चौरंगाच्या काठावर ठेवलं, त्यावर स्वतःचा डावा हात घट्ट दाबला. कुडीचं टोक तरी थोडं हलतच होतं.

"तू काही करू नकोस, आत्ते. टोक नुसतं धरून ठेव," ती कानात म्हणाली. "मामांना मी आणते."

उजव्या हातात मामा घेतले आणि टोकासमोर आणून थांबवले. टोक हललं. थांबली. पुन्हा हललं. थांबली. मग थरथर ओसरते तो एक क्षण आला, आणि अंबुजाने मामांना केसभर पुढे केलं. डावा डोळा. मागे घेतलं. पुन्हा वाट पाहिली. आत्तेचा श्वास तिच्या गालाला लागत होता. पुन्हा एक क्षण, पुन्हा केसभर.

उजवा.

"उघडिले," आत्ते म्हणाली.

पेटीचा सूर निघाला. मामा सगळ्यांच्या पुढे, मधल्या पायरीवर उभे राहिले, चिपळ्या डोक्यावर, भुवई वर.

पहिलं पद रंगात आलं तेव्हा नित्याने अंबुजाला कोपराने ढोसलं. "मुंग्या येतील, डी. मधावर."

"माहितेय."

"मुंग्यांच्या खडूची रेघ मारू?"

"नको." अंबुजा उठली, आत गेली आणि मूठ मिटून परत आली. सगळ्यांत खालच्या पायरीच्या कडेला, जिथे आत्तेने तांदळाच्या पिठाचं कोलम घातलं होतं, तिथे तिने चांगला मोठा गुळाचा खडा ठेवला.

"मुंग्यांचं पान इथे," ती म्हणाली आणि टाळ्या वाजवत मंडळींच्या सुरात सूर मिळवला. सूर लागला नाही, पण ती थांबली नाही.